स्क्रिप्टने बदलणारे शीर्षक आणि सर्च इंजिन

वेबपानाचे शीर्षक हा एचटीएमएलमधला एक छोटा घटक असतो, पण त्याचा उपयोग अनेक ठिकाणी होतो. ब्राउझरच्या टॅबवर तो दिसतो, पान बुकमार्क केले की तेच नाव जतन होते आणि शोध घेतल्यावर निकालात दिसणारी ठळक ओळ बहुतेक वेळा त्यावरूनच तयार होते. पूर्वी हे शीर्षक सर्व्हर ठरवत असे आणि पान उघडे असेपर्यंत ते तसेच राहत असे. आता पुष्कळ संकेतस्थळांवर सर्व्हरकडून एक शीर्षक येते आणि ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ते बदलते. वाचकाला शेवटचे शीर्षक दिसते. सर्च इंजिनला मात्र दोन्ही मिळू शकतात.

गूगल जावास्क्रिप्टने बदललेले शीर्षक वाचू शकते आणि वापरतेही. शीर्षक आणि पानाचे वर्णन स्क्रिप्टने लिहिण्यास किंवा बदलण्यास गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट मुभा आहे. पण ही मुभा स्क्रिप्ट वेळेत, बिनचूक आणि वाचकाने काहीही न करता चालली तरच उपयोगी पडते. शिवाय दुव्यावर येणारा प्रत्येक वाचक-प्रोग्राम स्क्रिप्ट चालवतोच असे नाही. म्हणून अर्थपूर्ण शीर्षक सर्व्हरकडून येणाऱ्या पहिल्या एचटीएमएलमध्येच असावे. स्क्रिप्टने ते गरजेपुरते बदलावे, पण त्याच्याशी विसंगत काही लिहू नये.

शीर्षक बदलते म्हणजे काय होते

सर्व्हरकडून एचटीएमएल आले की ब्राउझर त्यातून पानाची आतली रचना उभी करतो. तिला डॉम म्हणतात. शीर्षकाचा टॅग या रचनेच्या हेड भागात बसतो. स्क्रिप्टने डॉक्युमेंटच्या टायटल या गुणधर्माला नवे मूल्य दिले की त्या टॅगमधला मजकूर बदलतो. टॅग मुळातच नसेल, तर ब्राउझर तो हेडमध्ये नव्याने तयार करतो. सर्व्हरवरची फाइल जशी होती तशीच राहते. बदल फक्त त्या ब्राउझरपुरता आणि त्या भेटीपुरता असतो.

त्यामुळे ‘पानाचा मूळ स्रोत’ आणि ‘रेंडर झालेले पान’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. पहिल्यात सर्व्हरचे शीर्षक असते, दुसऱ्यात स्क्रिप्टचे. पुढच्या बहुतेक अडचणी या दोहोंतल्या अंतरातून येतात.

गूगल पान कसे वाचते

गूगलचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात गूगलबॉट पत्त्यावर जाऊन एचटीएमएल आणतो. दुसऱ्या टप्प्यात ते पान रेंडरिंगच्या रांगेत लागते. तिथे क्रोम ब्राउझरचाच गाभा वापरून, पडद्याविना, पान उघडले जाते आणि स्क्रिप्ट चालवल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात रेंडर झालेले एचटीएमएल वाचून पानाची नोंद इंडेक्समध्ये केली जाते. रांगेतला मुक्काम काही सेकंदांचा असू शकतो, तसाच तो लांबूही शकतो. त्यामुळे काही काळ मूळ शीर्षक आणि नंतर बदललेले शीर्षक निकालात दिसणे शक्य असते.

ही पद्धत टप्प्याटप्प्याने घडत आली आहे. 2009 मध्ये गूगलने स्क्रिप्टवर चालणाऱ्या पानांसाठी एक खास योजना सुचवली होती. तिच्यात पत्त्यात हॅश आणि उद्गारचिन्ह वापरून सर्व्हरला तयार एचटीएमएल द्यावे लागे. 2014 मध्ये गूगलने आपण पाने रेंडर करून वाचत असल्याचे जाहीर केले आणि 2015 मध्ये जुन्या योजनेची शिफारस मागे घेतली. तरीही गूगलचे रेंडरिंग बराच काळ क्रोमच्या 41 व्या आवृत्तीवर अडकलेले होते. नव्या पद्धतीने लिहिलेली स्क्रिप्ट तिथे मध्येच बंद पडे आणि शीर्षक बदलायचे राहून जाई. मे 2019 मध्ये गूगलबॉट क्रोमच्या चालू आवृत्तीबरोबर अद्ययावत राहू लागला, तेव्हा ही अडचण बरीचशी दूर झाली.

कोणता बदल मोजला जातो

पान उघडताच, वाचकाने काहीही न करता जो बदल होतो, तो गूगलला दिसतो. पान उघडल्यावर स्क्रिप्टने सर्व्हरकडून वस्तूचे नाव मागवले आणि शीर्षकात लिहिले, तर ते नाव इंडेक्समध्ये जाऊ शकते.

गूगलबॉट बटण दाबत नाही आणि वाचकासारखे पान खाली सरकवतही नाही. टॅब निवडल्यावर, यादी उघडल्यावर किंवा पान सरकवल्यावर बदलणारे शीर्षक त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. परवानगी मागणारी खिडकी आली तर ती नाकारली जाते. ‘तुमचे ठिकाण कळू द्या’ असे विचारून शीर्षकात शहराचे नाव घालणारे पान म्हणूनच गूगलला शहराविनाच दिसते. आयपी पत्त्यावरून शहर ओळखणाऱ्या पानाची गत याहून वाईट होते, कारण गूगलबॉट प्रामुख्याने अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. सोन्याचा दर पुणे, नागपूर आणि कोल्हापूर अशा शहरांनुसार दाखवायचा असेल, तर प्रत्येक शहरासाठी वेगळा पत्ता आणि त्याचे स्वतःचे शीर्षक ठेवावे.

गूगलबॉट मागच्या भेटीची आठवणही ठेवत नाही. कुकी, लोकल स्टोरेज आणि सेशन स्टोरेज यांतली माहिती एका पानावरून दुसऱ्यावर जाताना पुसली जाते. आधीच्या पानावर निवडलेल्या वर्गाचे नाव पुढच्या पानाच्या शीर्षकात लिहिणारी स्क्रिप्ट अशा वेळी रिकामे मूल्य लिहिते.

सतत बदलणारी शीर्षके

सामना चालू असताना क्रिकेटच्या धावफलकाचे पान टॅबवर ताजी धावसंख्या दाखवते. वाचकाला ते सोयीचे असते. शोध निकालात मात्र रेंडरिंगच्या क्षणी जी धावसंख्या होती, तीच राहते. सामना संपल्यावरही निकालात अर्ध्या डावाची धावसंख्या दिसू शकते. वस्तूची किंमत, शिल्लक जागा किंवा न वाचलेल्या संदेशांची संख्या शीर्षकात घालणाऱ्या पानांचेही तसेच होते.

अशा पानांवर सर्व्हरच्या शीर्षकात न बदलणारी माहिती ठेवावी: संघांची नावे, स्पर्धा आणि तारीख. धावसंख्या किंवा संदेशांची संख्या पान उघडताक्षणी जोडू नये. वाचक दुसऱ्या टॅबवर गेला किंवा त्याने सूचना चालू केल्या, की मग ती जोडावी. वाचक टॅब सोडून गेला हे ब्राउझर स्क्रिप्टला कळवतो, तेव्हा हे करणे अवघड नाही. ‘परत या, सामान वाट पाहते आहे’ अशा धर्तीची शीर्षकेही त्याच वेळी दाखवावीत. दोन शीर्षकांपैकी कोणते चालते हे पाहण्यासाठी स्क्रिप्टने यादृच्छिक निवड केली, तर गूगलला कोणते मिळेल याचा नेम राहत नाही. अशा चाचणीतून निघणारे शोधविषयक निष्कर्षही भरवशाचे नसतात.

बदल गूगलपर्यंत न पोहोचण्याची कारणे

स्क्रिप्ट बरोबर लिहिलेली असूनही निकालात जुने शीर्षक दिसते, तेव्हा पुढील कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले कारण रोबोट्स फाइलमध्ये असते. स्क्रिप्टची फाइल किंवा ती ज्या पत्त्यावरून माहिती मागवते तो पत्ता या फाइलमध्ये बंद केलेला असेल, तर गूगल ते आणत नाही. वाचकाच्या ब्राउझरला हा नियम लागू नसतो, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते.

दुसरे कारण जुन्या प्रतीचे. गूगल स्क्रिप्टच्या फाइली आपल्याकडे साठवून ठेवते आणि त्या प्रत्येक वेळी नव्याने आणत नाही. फाइलचे नाव तेच ठेवून आतला मजकूर बदलला, तर रेंडरिंग काही काळ जुन्या स्क्रिप्टने होऊ शकते. फाइलच्या नावात मजकुरावरून काढलेली खूण घालावी, म्हणजे मजकूर बदलला की नाव बदलते आणि नवी फाइल आणावीच लागते. बहुतेक आधुनिक बिल्ड साधने हे आपोआप करतात.

तिसरे कारण ‘इंडेक्स करू नका’ हा आदेश. पहिल्या एचटीएमएलमध्ये नोइंडेक्स असेल आणि स्क्रिप्ट तो नंतर काढणार असेल, तर गूगल रेंडरिंगपर्यंत न जाताच पान बाजूला ठेवू शकते. शीर्षक बदलणे चालते, तसा हा आदेश मागाहून काढणे चालत नाही. पानाचा मुख्य पत्ता कोणता हे सांगणाऱ्या कॅनॉनिकल दुव्याबाबतही सावध राहावे. मूळ एचटीएमएलमध्ये एक पत्ता आणि रेंडर झालेल्या पानात दुसरा, असे होऊ देऊ नये.

चौथे कारण हेडच्या रचनेतला बिघाड. हेडमध्ये चित्र, आयफ्रेम किंवा मजकुराचा टॅग आला की हेड तिथेच संपले असे धरले जाते आणि त्यापुढचे टॅग बॉडीत जाऊन पडतात. जाहिरातीची किंवा मोजणीची तिसऱ्याच कोणाची स्क्रिप्ट असा टॅग घुसवते, तेव्हा दोष सहज लक्षात येत नाही. स्क्रिप्टने जुने शीर्षक न बदलता दुसरा शीर्षक टॅग जोडला, तर ब्राउझर पहिलाच टॅग धरतो आणि नवा वाया जातो.

पाचवे कारण पत्त्यांचे. एकाच पानावर हॅशच्या पुढचा भाग बदलून वेगवेगळे मजकूर दाखवले, तर गूगल त्यांना सहसा वेगळी पाने मानत नाही. शीर्षके कितीही वेगळी असली तरी नोंद एकाच पानाची होते. एकपानी ॲपमध्ये पत्ता बदलण्यासाठी ब्राउझरचा हिस्टरी एपीआय वापरावा. प्रत्येक पत्ता थेट उघडल्यावरही तेच पान आणि तेच शीर्षक मिळाले पाहिजे. पानापानांमधले दुवे साध्या अँकर टॅगने आणि त्यातल्या पत्त्याने द्यावेत. क्लिकवर चालणाऱ्या बटणामागचा पत्ता गूगलबॉटला सापडत नाही.

एकपानी ॲपमध्ये न सापडलेल्या पानाचाही प्रश्न येतो. सर्व्हर 200 हा यशाचा संकेत देतो आणि स्क्रिप्ट शीर्षकात ‘पान सापडले नाही’ असे लिहिते. हे विसंगत असते. अशा वेळी सर्व्हर खराखुरा 404 संकेत देईल अशा पत्त्याकडे स्क्रिप्टने वाचकाला वळवावे किंवा त्या पानावर नोइंडेक्स जोडावा. हा आदेश मागाहून जोडलेला चालतो, कारण तो रेंडरिंगनंतर वाचला जातो.

निकालातली ओळ आणि शीर्षकाचा टॅग

स्क्रिप्टने लिहिलेले शीर्षक गूगलने वाचले, तरी निकालात तेच अक्षरशः दिसेल याची खात्री नसते. निकालातली ओळ गूगल स्वतः ठरवते. ऑगस्ट 2021 मध्ये गूगलने ही ओळ तयार करण्याची नवी पद्धत जाहीर केली. पुढच्याच महिन्यात सुधारणा केल्यावर, शीर्षकाचा टॅग सुमारे 87 टक्के वेळा वापरला जातो आणि आधी हे प्रमाण सुमारे 80 टक्के होते, असे गूगलने सांगितले. उरलेल्या वेळी पानावरचे मुख्य दृश्य मथळे, हेडिंग टॅग, ओपन ग्राफ टॅगमधले (दुवा पाठवल्यावर दिसणाऱ्या कार्डासाठीचे) शीर्षक, पानावरचा इतर ठळक मजकूर किंवा पानाकडे येणाऱ्या दुव्यांतले शब्द वापरले जातात.

गूगल टॅगला बाजूला का सारते याची जी कारणे देते, त्यांतली काही स्क्रिप्टवर चालणाऱ्या पानांना हमखास लागू पडतात. शीर्षक अर्धवट असणे हे त्यांपैकी एक. वस्तूचे नाव येण्याआधीच शीर्षक जुळवले गेले, तर उभी रेघ आणि दुकानाचे नाव एवढेच उरते. ‘लोड होत आहे’ असे तात्पुरते शीर्षक ठेवून माहिती कधीच न आल्यासही तसेच होते. शीर्षक जुने असणे हे दुसरे कारण. मथळ्यातले वर्ष बदलले आणि शीर्षकातले राहिले, तर गूगल मथळा घेऊ शकते. तिसरे कारण अनेक पानांवर एकच शीर्षक असणे. एकपानी ॲपमध्ये सर्व्हर प्रत्येक पत्त्यासाठी एकच सांगाडा पाठवत असेल, तर स्क्रिप्ट चालेपर्यंत सर्व पानांचे शीर्षक सारखेच असते.

म्हणून शीर्षकाचा टॅग, पानावरचा मुख्य मथळा आणि ओपन ग्राफचे शीर्षक हे तिन्ही एकाच माहितीवरून तयार व्हावेत. शब्दशः सारखे नसले तरी चालेल, पण ते एकाच विषयाचे असावेत. स्क्रिप्टने एक बदलले तर बाकीचेही बदलावेत.

मराठी पानांसाठी विशेष काळजी

मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चालणारी संकेतस्थळे बऱ्याचदा एकाच पत्त्यावर भाषा बदलण्याचे बटण ठेवतात. बटण दाबल्यावर स्क्रिप्ट मजकूर आणि शीर्षक दोन्ही बदलते. गूगलबॉट बटण दाबत नाही, म्हणून त्याला फक्त आरंभीची भाषा मिळते. काही पाने ब्राउझरने पाठवलेल्या भाषेच्या पसंतीवरून भाषा ठरवतात. गूगलबॉट अशी पसंती पाठवत नाही, त्यामुळे पसंती न मिळाल्यास इंग्रजी दाखवणाऱ्या पानाची मराठी बाजू शोधात येतच नाही. मराठी आणि इंग्रजी पानांचे पत्ते वेगळे ठेवावेत, त्यांचा परस्परसंबंध एचरेफलँग खुणेने दाखवावा आणि प्रत्येक पत्त्यावर त्या भाषेतले शीर्षक सर्व्हरकडूनच द्यावे.

लिपीचाही विचार करावा. मजकूर देवनागरीत आणि शीर्षक रोमन लिपीत असेल, तर गूगल शीर्षक बदलू शकते. भाषा किंवा लिपी मजकुराशी न जुळणारी शीर्षके ओळखण्यासाठी जून 2022 मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत सुधारणा केली. मजकुराची मुख्य भाषा आणि लिपी जी असेल, तीच शीर्षकात वापरावी, असा तिचा मथितार्थ. शीर्षकाच्या लांबीला गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, पण पडद्याच्या रुंदीत न मावणारा भाग कापला जातो. म्हणून गाव, वस्तू किंवा विषय आधी लिहावा आणि संकेतस्थळाचे नाव शेवटी.

गूगलखेरीज इतर

बिंगने ऑक्टोबर 2019 मध्ये आपला क्रॉलर क्रोमियमवर आधारलेल्या एज ब्राउझरच्या साहाय्याने पाने रेंडर करणार असल्याचे जाहीर केले. तरीही मोठ्या संकेतस्थळांवरच्या प्रत्येक पानाची स्क्रिप्ट चालवणे खर्चिक असते, म्हणून तयार एचटीएमएल देण्याचाच सल्ला बिंगकडून मिळत आला आहे.

व्हॉट्सॲप, फेसबुक आणि लिंक्डइनवर दुवा पाठवल्यावर दिसणारे छोटे कार्ड मूळ एचटीएमएलमधल्या ओपन ग्राफ टॅगवरून तयार होते. त्यासाठी स्क्रिप्ट चालवली जात नाही. शीर्षक स्क्रिप्टने कितीही नेटके केले, तरी गटात पाठवलेल्या दुव्याखाली सर्व्हरचेच शीर्षक दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांसाठी पाने गोळा करणारे अनेक क्रॉलरही स्क्रिप्ट न चालवता फक्त मूळ एचटीएमएल वाचतात.

बांधणी कशी असावी

नव्या संकेतस्थळासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे सर्व्हरवर रेंडर केलेले किंवा आधीच तयार करून ठेवलेले एचटीएमएल. नेक्स्ट आणि नक्स्ट ही फ्रेमवर्क आणि अँग्युलरची सर्व्हर रेंडरिंग सोय या मार्गाने चालतात. पहिल्या भेटीत शीर्षक सर्व्हरकडून येते आणि नंतर आतल्या दुव्यांवर जाताना स्क्रिप्ट ते बदलते. दोन्ही ठिकाणी शीर्षक तयार करणारा कोड एकच असावा. अँग्युलरच्या 14 व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून 2022 पासून, प्रत्येक मार्गाबरोबर शीर्षक नोंदवता येते. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या रिॲक्टच्या 19 व्या आवृत्तीत घटकाच्या आत लिहिलेला शीर्षक टॅग आपोआप हेडमध्ये जातो.

फक्त क्रॉलरला तयार एचटीएमएल आणि वाचकाला स्क्रिप्टचे पान देणे, म्हणजे डायनॅमिक रेंडरिंग, हा गूगलच्या मते तात्पुरता इलाज आहे, कायमचा मार्ग नव्हे. ते वापरलेच तर दोन्हीकडचे शीर्षक आणि मजकूर सारखे ठेवावेत. जुने संकेतस्थळ पूर्ण बदलणे शक्य नसेल, तर निदान सर्व्हरने पत्त्यावरून शीर्षक, वर्णन आणि ओपन ग्राफचे टॅग सांगाड्यात भरून पाठवावेत. बाकी मजकूर स्क्रिप्टने आणला तरी शीर्षकाचा प्रश्न सुटतो.

तपासणी

आधी आपल्याच ब्राउझरमध्ये पाहावे. कंट्रोल आणि यू ही बटणे दाबून उघडणाऱ्या मूळ स्रोतात सर्व्हरचे शीर्षक दिसते. डेव्हलपर टूलच्या एलिमेंट्स भागात स्क्रिप्टने बदललेले दिसते. दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहावा. मग त्याच साधनातून जावास्क्रिप्ट बंद करून पान पुन्हा उघडावे. शीर्षक ओळखता येण्याजोगे राहिले, तर पाया ठीक आहे. खाजगी खिडकीत, लॉगिन न करता आणि पत्ता थेट टाकूनही पाहावे, कारण गूगलबॉट तसाच येतो.

त्यानंतर सर्च कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शन साधनात पत्ता टाकावा. इंडेक्समध्ये असलेल्या प्रतीचे रेंडर झालेले एचटीएमएल तिथे पाहता येते. थेट चाचणी घेतल्यास आत्ताचे एचटीएमएल, पडद्याचे चित्र, न आणता आलेल्या फाइलींची यादी आणि स्क्रिप्टचे कन्सोल संदेश मिळतात. थेट चाचणीत शीर्षक बरोबर आणि इंडेक्समधल्या प्रतीत जुने असेल, तर पान पुन्हा वाचले जाण्याची वाट पाहणे एवढेच उरते. दोन्हीकडे चुकीचे असेल, तर आधी सांगितलेली कारणे तपासावीत. दोन्हीकडे बरोबर असूनही निकालात वेगळी ओळ दिसत असेल, तर दोष स्क्रिप्टचा नसतो. गूगलने पर्यायी मजकूर निवडलेला असतो, आणि तेव्हा मुख्य मथळा, भाषा आणि शीर्षकाचा नेमकेपणा पाहावा. सर्च कन्सोलचा प्रवेश नसेल, तर रिच रिझल्ट्स टेस्ट या साधनातही रेंडर झालेले एचटीएमएल दिसते.

दुरुस्तीनंतर महत्त्वाच्या मोजक्या पानांसाठी यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्स करण्याची विनंती करावी. पाने बरीच असतील, तर साइटमॅपमध्ये त्यांची बदलाची तारीख अद्ययावत करावी. नवे शीर्षक निकालात यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात. त्या काळात शीर्षक पुन्हा पुन्हा बदलू नये, नाहीतर कोणता बदल कशामुळे दिसला हे कळायला मार्ग राहत नाही.